सहकारी गृहनिर्माण संस्थांची सुरक्षा व्यवस्था

सहकारी गृहनिर्माण संस्थेची सुरक्षा व्यवस्था म्हणजे सामायिक व्यवस्थापनाखालील निवासी इमारतींमधील रहिवासी, त्यांची मालमत्ता आणि सामायिक सोयी यांच्या रक्षणासाठी संस्थेने आखलेली व चालवलेली मनुष्यबळ, यंत्रे, नियम आणि नोंदी यांची एकत्रित रचना होय. सुरक्षारक्षक, कुंपण व फाटक, प्रवेश नियंत्रण, सीसीटीव्ही कॅमेरे, अंतर्गत दूरध्वनी, धोक्याची घंटा आणि अग्निशमन यंत्रणा हे तिचे प्रमुख घटक आहेत. महाराष्ट्रात या व्यवस्थेची जबाबदारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेच्या निर्णयांना अधीन राहून व्यवस्थापन समितीकडे असते.

इतर सोयींच्या तुलनेत या व्यवस्थेचे एक वेगळेपण आहे. पाणी आले नाही किंवा लिफ्ट बंद पडली, तर तासाभरात तक्रार येते. कॅमेऱ्याचे चित्रण साठवले जात नसेल, अग्निशमन पंप बंद स्थितीत असेल किंवा राखीव बॅटरी संपलेली असेल, तर ते महिनोन्महिने कोणाच्याही लक्षात येत नाही. बिघाड कळतो तो नेमका गरजेच्या वेळी. त्यामुळे उपकरणांच्या खरेदीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व नियोजनाला आणि नियमित देखभालीला दिले जाते.

## पार्श्वभूमी

जुन्या मराठी वाड्यांची रचनाच संरक्षणाचा विचार करून केलेली असे. उंच भिंती, भक्कम दरवाजा, आतून लावायचा अडसर, शेजारी पहारेकऱ्याची देवडी आणि मोठ्या दरवाजातच बसवलेली लहान दिंडी हे तिचे भाग होत. दिंडीतून एका वेळी एकाच माणसाला, तेही वाकून, आत येता येई. येणाऱ्याला थांबवणे, पाहणे आणि मग आत घेणे ही तीन कामे त्या एका दारात साधत. आजच्या प्रवेश नियंत्रणाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

मुंबईच्या चाळींत असा बंदोबस्त क्वचितच असे. परंतु सामायिक गॅलरी, दिवसभर उघडी असणारी दारे आणि परस्परांची ओळख यांमुळे परका माणूस चटकन नजरेत येई. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये शहरांविषयी केलेल्या मांडणीत रस्त्यावर असणाऱ्या रहिवाशांच्या नैसर्गिक नजरेला सुरक्षिततेचा आधार मानले. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये ‘डिफेन्सिबल स्पेस’ या ग्रंथात इमारतीची रचना व गुन्हे यांचा संबंध तपासला. या दोघांचा विषय अमेरिकेतील शहरे हा असला, तरी चाळीतून सदनिकांकडे झालेल्या स्थित्यंतरात काय हरवले हे समजण्यास त्यांचे विचार उपयोगी पडतात.

मुंबईत गृहनिर्माण सहकाराची सुरुवात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि सदनिकांच्या मालकीसंबंधीचा १९६३ चा अधिनियम यांनंतर मालकी हक्काच्या सदनिकांच्या संस्था वेगाने वाढल्या. सदनिकेचे दार बंद झाले, जिना निर्मनुष्य झाला आणि शेजाऱ्याच्या नजरेची जागा पगारी पहारेकऱ्याने घेतली. काठी आपटत व शिट्टी वाजवत रात्री फिरणारा गुरखा आणि फाटकाजवळच्या खोलीत राहणारा वॉचमन या काळाच्या खुणा होत. पुढे सुरक्षा पुरवणाऱ्या एजन्सी, कॅमेरे आणि मोबाइल ॲप यांची भर पडली.

## कायदेशीर चौकट

गृहनिर्माण संस्थेच्या सुरक्षेसाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. निरनिराळ्या कायद्यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

सहकार कायदा व उपविधी. संस्थेचा कारभार १९६० चा अधिनियम आणि नोंदणीकृत उपविधी यांनुसार चालतो. गृहनिर्माण संस्थांसाठी या अधिनियमात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले. आदर्श उपविधींनुसार पहारेकऱ्यांचे वेतन सेवा शुल्कात मोडते आणि सेवा शुल्क सर्व सदनिकांवर समान आकारले जाते. सदनिका लहान की मोठी याने त्यात फरक पडत नाही.

सुरक्षा एजन्सी. खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ अन्वये परवान्याविना सुरक्षा एजन्सी चालवता येत नाही. रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असणे, त्याच्या चारित्र्याची व पूर्ववृत्ताची पडताळणी होणे आणि त्याने विहित प्रशिक्षण घेतलेले असणे आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या आदर्श नियमांत या प्रशिक्षणासाठी १०० तास वर्गातील अध्यापन आणि ६० तास प्रत्यक्ष काम असा कालावधी सांगितला आहे; माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी तो कमी आहे. महाराष्ट्रात याखेरीज सुरक्षारक्षकांची नोकरी व कल्याण यांविषयी १९८१ चा राज्य अधिनियम असून त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे कार्यरत आहेत.

अग्निसुरक्षा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सदैव सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणेची तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र सादर करावे लागते. तांत्रिक निकष राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये दिलेले आहेत.

विकासकाकडून हस्तांतरण. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले बांधकाम, कारागिरी, गुणवत्ता वा सेवा यांतील दोष विकासकाने दूर करावयाचे असतात. त्यामुळे इमारत ताब्यात घेताना अग्निशमन यंत्रणेचे आराखडे, उपकरणांची हमीपत्रे, केबलचे नकाशे आणि सर्व यंत्रणांचे पासवर्ड लेखी यादीसह घेणे महत्त्वाचे ठरते. ही कागदपत्रे नसल्यास पुढील प्रत्येक दुरुस्ती अंदाजाने करावी लागते.

## नियोजन

### जोखीम पाहणी

नियोजनाची पहिली पायरी खरेदीची नसून पाहणीची असते. समितीचे सदस्य आणि शक्य असल्यास जाणकार व्यक्ती यांनी आवारात दिवसा व रात्री स्वतंत्रपणे फिरून नोंदी करावयाच्या असतात. एकाच कोपऱ्याचे दिवसाचे व रात्रीचे रूप अगदी वेगळे असू शकते. पाहणीत साधारणपणे पुढील प्रश्न विचारले जातात.

- आवारात येण्याचे अधिकृत व अनधिकृत मार्ग किती आहेत?
- कुंपणाला लागून झाड, टपरी वा शेजारच्या इमारतीचे छप्पर आहे का?
- पाण्याच्या जलवाहिन्यांवरून खिडकीपर्यंत चढता येते का?
- पंपघर, विद्युत मीटर कक्ष, पाण्याची टाकी, गच्ची व लिफ्टचे यंत्रघर यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात?
- एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या, तसेच दीर्घकाळ बंद असणाऱ्या सदनिका कोणत्या?
- आग लागल्यास किंवा रुग्णवाहिका आल्यास वाहन इमारतीपर्यंत पोहोचते का, की वाट उभ्या मोटारींनी अडलेली असते?

यांतून मिळणारी यादी संस्थेनुसार बदलते. एखाद्या संस्थेत दुचाकीचोरी हा मुख्य प्रश्न असतो, दुसरीत रिकाम्या सदनिकांतील घरफोडी, तर तिसरीत मुलांच्या खेळण्याच्या जागेतून जाणारी वाहने. शेजारच्या संस्थेने बसवले म्हणून तेच उपकरण बसवणे हे नियोजन नव्हे.

### स्तरांचे तत्त्व

सुरक्षा सामान्यतः चार स्तरांत विभागली जाते: कुंपण व फाटक, आवार व वाहनतळ, इमारतीचे प्रवेशद्वार व जिना, आणि सदनिकेचे दार. प्रत्येक स्तराकडून चार कामे अपेक्षित असतात. घुसखोराला परावृत्त करणे, त्याला विलंब लावणे, त्याची चाहूल लागणे आणि कोणीतरी प्रतिसाद देणे ही ती कामे होत. यांतील शेवटचे काम सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चांगल्या कुलपामुळे मिळतात ती काही मिनिटे. त्या मिनिटांत कोणी पाहिले नाही व कोणी धावून आले नाही, तर ती वाया जातात. म्हणून आणीबाणीत रक्षकाने प्रथम कोणाला कळवायचे, पोलिसांसाठी ११२ व अग्निशमन दलासाठी १०१ या क्रमांकांवर काय सांगायचे, लिफ्ट व वीज कोणी बंद करायची, हे फाटकाजवळ मराठीत व रक्षकाला समजणाऱ्या भाषेत लिहून लावणे हा नियोजनाचाच भाग होय.

### सुरक्षा आणि सुटका यांतील विरोध

चोरापासूनचे संरक्षण माणसाला बाहेर ठेवू पाहते, तर आगीपासूनचे संरक्षण माणसाला विनाअडथळा बाहेर पडू देते. या दोन्ही गरजांचा मेळ नियोजनातच घालावा लागतो. गच्चीच्या दाराला कायमचे कुलूप, जिन्यातील लोखंडी सरकता दरवाजा आणि खिडक्यांना चारी बाजूंनी बंदिस्त जाळी हे उपाय चोरीच्या भीतीने केले जातात. धूर भरल्यावर तेच सापळा ठरतात. जाळीला आतून उघडणारी खिडकी ठेवणे आणि गच्चीची किल्ली तत्काळ हाती येईल अशी व्यवस्था करणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. विद्युतचुंबकीय कुलूप बसवल्यास वीज जाताच किंवा आगीची घंटा वाजताच ते आपोआप उघडले पाहिजे. उंच इमारतींतील आश्रय मजला, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबण्याची राखीव जागा, सामान ठेवण्यासाठी वापरणे वा बंदिस्त करणे धोक्याचे असते.

## प्रमुख घटक

### सुरक्षारक्षक

यंत्रे कितीही वाढली तरी निर्णय घेणारा व प्रत्यक्ष जागेवर असणारा घटक रक्षक हाच असतो. एक जागा चोवीस तास सांभाळायची, तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका कामगाराने आठवड्याला ४८ तास काम केल्यास त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा व आजारपण धरल्यास ही संख्या चारपर्यंत जाते. अनेक ठिकाणी मात्र हेच काम बारा तासांच्या दोन पाळ्यांत दोन माणसांकडून, साप्ताहिक सुटीविना करून घेतले जाते. अशा व्यवस्थेत पहाटेच्या वेळी रक्षकाला डुलकी लागणे हा व्यक्तीचा दोष कमी आणि नियोजनाचा दोष अधिक असतो. बसायला खुर्ची, पावसापासून आडोसा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या गोष्टींची गणनाही सुरक्षेच्या खर्चातच करावी लागते.

रक्षकाकडे सोपवलेल्या अनेक कामांमुळेही सुरक्षा कमकुवत होते. पंप चालू करणे, मोटारी धुणे, कुरिअर पोहोचवणे, सामान वर नेणे ही कामे करताना फाटक मोकळे राहते. म्हणून करारात रक्षकाची कर्तव्ये आणि त्याने करू नयेत अशी कामे दोन्ही स्पष्ट लिहिली जातात.

पडताळणीचे महत्त्व ऑगस्ट २०१२ मधील एका घटनेने अधोरेखित झाले. मुंबईत वडाळा येथील एका इमारतीत तिथल्याच पहारेकऱ्याने एका तरुण महिला वकिलाची तिच्या सदनिकेत हत्या केली. सदनिकेचा वीजपुरवठा खंडित करून, दुरुस्तीच्या निमित्ताने आत जाऊन त्याने किल्ली मिळवली होती. २०१४ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मीटर कक्ष कुलूपबंद ठेवणे, सदनिकांच्या किल्ल्या फाटकावर न ठेवणे आणि रक्षकाच्या पूर्ववृत्ताची खात्री करणे या तीन साध्या वाटणाऱ्या गोष्टींचे महत्त्व या घटनेतून दिसते.

रक्षक स्वतःही धोक्याच्या तोंडी असतो. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत करी रोड परिसरातील साठ मजली निवासी इमारतीला आग लागली, तेव्हा एकोणिसाव्या मजल्यावरून पडून इमारतीच्या सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला. आगीच्या ठिकाणी बहुधा रक्षकच प्रथम पोहोचतो. त्यामुळे काय करायचे याबरोबरच कुठे थांबायचे, धुरात शिरायचे नाही व लिफ्ट वापरायची नाही, याचेही प्रशिक्षण त्याला देणे आवश्यक असते.

### प्रवेश नियंत्रण

अभ्यागतांची नोंदवही हे सर्वांत जुने साधन होय. नोंदवहीत नाव, वेळ, सदनिका क्रमांक व स्वाक्षरी असते. परंतु फाटकावरून सदनिकेत विचारणा न करता केलेली नोंद केवळ औपचारिकता ठरते. अंतर्गत दूरध्वनी वा मोबाइल ॲपवरून रहिवाशाची संमती घेणे हा तिचा उपयुक्त भाग आहे. मोटारींसाठी काचेवरची चकती किंवा रेडिओ लहरींवर चालणारे टॅग आणि दारांसाठी कार्ड वा सांकेतिक क्रमांक वापरले जातात. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याविषयी पोलीस वेळोवेळी आदेश काढतात. संस्थेने त्याची आठवण सदनिकाधारकांना देणे अपेक्षित असते.

### सीसीटीव्ही कॅमेरे

कॅमेऱ्यांबाबत संख्या महत्त्वाची मानली जाते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याकडून काय हवे हे आधी ठरवावे लागते. आवारात कोणीतरी आहे एवढे कळणे, ओळखीची व्यक्ती ओळखू येणे आणि अनोळखी व्यक्तीचा चेहरा पुढे पटवता येईल इतका स्पष्ट दिसणे या तीन वेगवेगळ्या गरजा आहेत. आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठी चित्रातील एक मीटर रुंदीमागे किती बिंदू असावेत हे सांगितले जाते. अनोळखी व्यक्ती पटवण्यासाठी सुमारे २५० आणि ओळखीची व्यक्ती ओळखण्यासाठी सुमारे १२५ बिंदू लागतात. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० बिंदूंची असते. म्हणजे असा कॅमेरा जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंदीच्या जागेत चेहरा पटण्याजोगा टिपू शकतो. पंधरा मीटर रुंद आवार एकाच कॅमेऱ्यात घेतल्यास आपला शेजारी ओळखता येईल, पण चोर पटणार नाही. यास्तव फाटक, प्रवेशद्वार व लिफ्ट अशा अरुंद जागी चेहऱ्यासाठी आणि विस्तृत जागी हालचालीसाठी असे वेगवेगळे कॅमेरे योजतात.

दुसरा दुर्लक्षित प्रश्न साठवणीचा. एका कॅमेऱ्याच्या चित्रणाचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट धरल्यास दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. सोळा कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ३४६ गिगाबाइट, तर तीस दिवसांसाठी सुमारे १०.४ टेराबाइट लागतात. अशा यंत्रणेत चार टेराबाइटची हार्ड डिस्क बसवल्यास साडेअकरा दिवसांनंतर जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते. गणपतीसाठी वा मे महिन्याच्या सुटीत गावी गेलेले कुटुंब दोन-तीन आठवड्यांनी परतून चोरीची तक्रार करते, तेव्हा त्या दिवसाचे चित्रण उरलेलेच नसते. हालचाल असतानाच चित्रण करणे किंवा अधिक संक्षेपण करणारी पद्धत वापरणे यांनी ही मुदत वाढवता येते.

चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून मांडायचे असल्यास विहित प्रमाणपत्र लागते. जालना येथील निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ उपकरणच न्यायालयात सादर होत नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये याविषयीची तरतूद आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की घटनेनंतर चित्रण तत्काळ वेगळे काढून ठेवावे, यंत्राचे घड्याळ अचूक असावे आणि ते कोणी, केव्हा, कोणाला दिले याची नोंद असावी.

इंटरनेटला जोडलेले कॅमेरे स्वतःच धोक्याचे दार होऊ शकतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक संगणकीय आज्ञावलीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेली असंख्य कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेऊन इंटरनेटवर मोठे हल्ले केले होते. उपकरण बसवताच पासवर्ड बदलणे आणि तो संस्थेच्या ताब्यात ठेवणे हा त्यावरचा प्राथमिक उपाय होय.

### अग्निशमन यंत्रणा

धूरशोधक, धोक्याची घंटा, नळखांब व होज, तुषार सिंचक, पंप, भूमिगत व गच्चीवरील टाक्या आणि हाताने वापरायची अग्निशामके यांचा या यंत्रणेत समावेश होतो. मुख्य पंप आपोआप सुरू होण्यासाठी त्याची कळ ‘ऑटो’ स्थितीत असावी लागते. पंप वारंवार सुरू होतो म्हणून कोणीतरी ती ‘मॅन्युअल’वर वळवतो आणि तशीच विसरतो, नळाला जोडणी असूनही पाणी न येण्याचे हे एक कारण आहे. खोटी घंटा सतत वाजते म्हणून तिची तार काढून ठेवणे हा त्याच प्रकारचा दोष. अशा वेळी घंटा बंद करण्याऐवजी धूळ साचलेला शोधक साफ करणे वा बदलणे हा योग्य मार्ग असतो.

## देखभाल

देखभालीचे वेळापत्रक ठरवून प्रत्येक तपासणीची तारीख, करणाऱ्याचे नाव आणि आढळलेला दोष यांची नोंद ठेवली जाते. मध्यम आकाराच्या संस्थेसाठी पुढील क्रम व्यवहार्य ठरतो.

- दररोज: पाळी बदलताना नोंदवही व किल्ल्यांची मोजणी, सर्व कॅमेऱ्यांची चित्रे पडद्यावर दिसतात का, आवारातील दिवे, पंपाची कळ ‘ऑटो’वर आहे का.
- दर आठवड्याला: कोणत्याही एका कॅमेऱ्याचे सात दिवसांपूर्वीचे चित्रण काढून पाहणे; यंत्राचे घड्याळ जुळवणे; पंप थोडा वेळ चालवणे.
- दर महिन्याला: कॅमेऱ्यांच्या काचा पुसणे, अग्निशामकाचा दाबदर्शक काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे पाहणे, धोक्याच्या घंटेची चाचणी, जिने व आश्रय मजला मोकळा असल्याची खात्री.
- दर सहा महिन्यांनी: परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन तपासणी व प्रमाणपत्र, रहिवाशांसह सुटकेचा सराव, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची कार्डे व पासवर्ड रद्द करणे.
- दरवर्षी: संपूर्ण जोखीम पाहणी नव्याने, राखीव बॅटरीची वीज तोडून प्रत्यक्ष चाचणी, करारांचा आढावा.

या यादीतील सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे जुने चित्रण प्रत्यक्ष काढून पाहणे. पडद्यावर थेट चित्र दिसते, म्हणून ते साठतेही आहे असा समज करून घेतला जातो. हार्ड डिस्क निकामी झाली तरी थेट चित्र दिसतच राहते.

महाराष्ट्रातील हवामानाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यापूर्वी जोडपेट्या बंदिस्त करणे, वाढलेल्या फांद्या छाटणे आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षक साधने तपासणे आवश्यक असते. कोकणपट्टीत व मुंबईत खाऱ्या दमट हवेने पत्र्याच्या पेट्या व जोडण्या गंजतात. रात्री अवरक्त प्रकाशाकडे कीटक आकर्षित होऊन कॅमेऱ्यापुढे कोळी जाळे विणतात व चित्र धूसर होते. तळघरात उंदीर केबल कुरतडतात. राखीव पुरवठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल बॅटऱ्या साधारणपणे तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात.

## खर्च व करार

रक्षकांचा खर्च सेवा शुल्कातून होतो. उपकरणांची खरेदी हा मात्र वेगळा प्रश्न असून उपविधींनी ठरवलेल्या मर्यादेपलीकडील खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सिंकिंग फंड हा पुनर्बांधणी व मोठ्या दुरुस्त्यांसाठी असल्याने कॅमेऱ्यांच्या खरेदीसाठी त्याकडे वळणे योग्य नव्हे.

वार्षिक देखभाल करार दोन प्रकारचे असतात. एकात सुटे भाग धरून सर्व खर्च ठेकेदाराचा असतो, तर दुसऱ्यात केवळ सेवा मिळते आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दुसरा स्वस्त दिसतो. परंतु उपकरणे जुनी झाल्यावर तो महाग पडू शकतो. करारात उपकरणांची यादी, तक्रारीनंतर किती तासांत येणार, दुरुस्तीच्या काळात पर्यायी उपकरण देणार का, पासवर्ड व आराखड्यांची मालकी कोणाची, आणि करार संपल्यावर ते कसे परत मिळणार हे मुद्दे असावेत. सुरक्षा एजन्सीशी करार करताना परवान्याची प्रत, रक्षकांच्या पडताळणीची कागदपत्रे, तसेच किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांच्या भरण्याचे पुरावे मागितले जातात. अत्यंत कमी दराची निविदा बहुधा रक्षकाच्या वेतनातूनच कमी केलेली असते.

## खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्या पार्श्वभूमीवर संस्थेने कोणती माहिती, कशासाठी व किती काळ ठेवायची हे ठरवणे गरजेचे झाले आहे. कॅमेऱ्याचा रोख सामायिक जागेवर असावा. कोणाच्या घराच्या आत, खिडकीत वा स्वच्छतागृहाकडे नसावा. चित्रण पाहण्याचा अधिकार ठराविक पदाधिकाऱ्यांपुरता मर्यादित असावा आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद व्हावी. घटनेची चित्रफीत संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून एखाद्याला चोर ठरवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यातून कायदेशीर अडचणी उद्भवू शकतात. कॅमेरे असल्याची सूचना ठळकपणे लावणे ही सर्वमान्य पद्धत आहे.

## टीका व मर्यादा

निवासी सुरक्षेवरील एक प्रमुख आक्षेप असा की तिचा भार विषम असतो. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वस्तू पोहोचवणारे कामगार आणि चालक यांची रोज झडती, छायाचित्र व नोंद होते. मोटारीतून आलेल्या अपरिचित पाहुण्याला मात्र अनेकदा सलाम मिळतो. नियम सर्वांना सारखे नसतील, तर सुरक्षेतही फट राहते आणि माणसाचा अवमानही होतो.

दुसरी मर्यादा यंत्रांवरील अतिविश्वासाची. कॅमेरा बहुधा घटना थांबवत नाही, तिची नोंद ठेवतो. उत्सव, सामुदायिक कार्यक्रम, खेळणारी मुले, बाकावर बसलेली वयस्कर मंडळी यांमुळे आवारात जी ओळखीची नजर असते, तिची भरपाई उपकरणांनी पूर्णतः होत नाही. गावी जाताना शेजाऱ्याला सांगून जाणे आणि शेजारचे दार अवेळी वाजल्यास डोकावून पाहणे यांना खर्च येत नाही.

तिसरी मर्यादा संघटनात्मक आहे. व्यवस्थापन समितीचे सदस्य बहुधा मानद काम करतात व ठराविक काळाने बदलतात. एका समितीने उभारलेली यंत्रणा पुढच्या समितीला माहीतच नसते. पासवर्ड एका माजी सचिवाच्या वहीत, किल्ली दुसऱ्याच्या घरी आणि करार ठेकेदाराच्या कार्यालयात अशी स्थिती उद्भवते. म्हणून कार्यभार हस्तांतराच्या वेळी सुरक्षा यंत्रणेची लेखी नोंद, उपकरणांची यादी, देखभालीची वही आणि प्रलंबित दोषांची सूची नव्या समितीला सुपूर्द करणे, तसेच त्या सूचीचे वाचन वार्षिक सर्वसाधारण सभेत करणे ही पद्धत उपयुक्त मानली जाते.